एकट्याची खाट

लोखंड्याच्या टेम्पोत एक खाट कायमची पडलेली असायची. लोखंडी, एका माणसापुरती, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, आणि एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. लोकांची घरं हलवायचा धंदा त्याचा. गिऱ्हाइकाचं सामान चढवताना ती खाट हटकून आडवी यायची, हमालांच्या नडग्या फुटायच्या आणि ते ओरडायचे, "शेठ, हे भंगार एकदाचं फुंकून टाका की!"

"हात लावायचा नाही. इस्टेट आहे ती माझी," लोखंड्या म्हणायचा.

इस्टेट कसली, डोंबल! त्या खाटेवर आजवर एकही माणूस झोपला नव्हता, की टेकला नव्हता. ती झोपायला नव्हतीच. ती दाखवायला होती.

त्याचं असं होतं. लोखंड्या आणि त्याचे दोस्त म्हणजे बाप्यांवर जीव लावणारे बाप्ये. घरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलेलं. मग एड्स आला आणि एकेक जण वाळत, खोकत, हॉस्पिटलच्या शेवटच्या वॉर्डात जाऊन संपायला लागला. माणूस गेला की आईबाप गावाहून यायचे. ते यायच्या आत खोली आवरायची, हा ह्यांचा आपसातला कायदा. दोघांचा पलंग खाली, एकट्याची खाट वर. भिंतीवरचे फोटो काढायचे. दोन उशांतली एक गायब, दोन कपांतला एक गायब, टॉवेल एकच. कोणाचा विग असेल, कोणाची लाली असेल, ती गोणीत. शेवटी खिळ्याला एक कॅलेंडर लटकवायचं: तळं, होडी, मागे डोंगर. ज्याच्यावरून कोणाबद्दल काही म्हणजे काही कळत नाही असं चित्र. कॅलेंडर कधीच जुनं झालं होतं, पण मेलेल्याच्या खोलीत साल कोण बघतंय?

हा कायदा काकीने केला. काकी म्हणजे बाप्याच, केस कापायचं दुकान होतं त्याचं. पण सगळ्यांच्या मागे 'जेवलास का, औषध घेतलंस का' करत फिरायचा, म्हणून काकी; आणि दोस्तांत बोलायचाही बायकी, गं-गं करत. लोखंड्या हे नावही त्यानेच ठेवलेलं. वारा असो, थंडी असो, ह्या पोराला कधी शिंक नाही! तेव्हा ते कौतुक होतं. पुढे दोस्त गळायला लागले, ह्याची तपासणी दर वेळी स्वच्छ यायला लागली, आणि तेच नाव घासात खडा आल्यासारखं लागायला लागलं.

"नशीबवान आहात हो," नर्स म्हणाली होती. लोखंड्याला वाटलं, हिचं टेबल उलटं करावं. नशीबवान! रोज सकाळी टेम्पोच्या आरशात जीभ बाहेर काढून तो रोगाचे पांढरे डाग शोधायचा. सापडले नाहीत की हायसं वाटायचं, आणि गाडी सुरू होईपर्यंत त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटायची. वॉर्डातून बाहेर आला की कडकडून भूक लागायची. त्याचीही लाज. मग जिन्याखाली तोंड फिरवून पाव खायचा, चोरासारखा. आणि त्याला विचारणारं कोणी नव्हतं. 'तुझं काय बाबा, तू लोखंड!' म्हणायचे आणि ओझं त्याच्याच खांद्यावर. आजाऱ्याला संडासापर्यंत न्यायला लोखंड्या, औषधासाठी गावभर पळायला लोखंड्या, शेवटचा खांदा द्यायला लोखंड्या. आणि मग खोली आवरायलाही तोच, टेम्पो त्याचा ना!

आज पाळी त्याच्या स्वतःच्या खोलीची होती.

मास्तर सकाळी गेला. मास्तर टायपिंगच्या क्लासात शिकवायचा, आणि लोखंड्या आणि तो अकरा वर्षं ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहत होते. मास्तरला सगळं टाईप करून चिकटवायची खोड. नळावर पट्टी: 'नीट बंद कर, कान आहेत मला.' दारावर: 'बूट बाहेर, बैलोबा.' कपाटावर: 'वरचा कप्पा माझा. खालचा तुझा. मधला भांडणाचा.' खोलीत पाऊल टाकलं की दोन माणसं एकमेकांशी बोलताना ऐकू यायची.

काकी दारात उभा राहिला. पँट पट्ट्याने चुण्या घालून आवळलेली, पट्ट्याला नवी भोकं. त्यालाही रोग लागलेला होता, अजून पायांवर होता इतकंच.

"बापाची बस दुपारी येते. थोरला भाऊही आहे बरोबर," तो म्हणाला. "ऊठ गं लोखंडे. रडायचं ते नंतर रड."

"मी रडतोय कुठे?"

"तेच म्हणतेय मी. कधी रडायचंय तुला?"

लोखंड्या उठला. हाताला सवय होती. फोटो उतरवले, त्यातला समुद्रकाठच्या पायऱ्यांवरचाही, ज्यात मास्तरचा शर्ट वाऱ्याने फुगलाय आणि लोखंड्या तो मागून धरून हसतोय. फडक्यात गुंडाळले. स्वतःचा दाढीचा ब्रश उचलला, स्वतःच्या चपला उचलल्या, स्वतःची उशी काखेत मारली. दुसऱ्यांच्या खोल्या आवरताना कधी असं झालं नव्हतं. इथे प्रत्येक दुसरी वस्तू त्याचीच होती. काकी वस्तऱ्याच्या पात्याने पट्ट्या खरवडत होता. 'बैलोबा'चा चुरा जमिनीवर पडला.

"नखाने निघत नाहीत मेल्या," काकी पुटपुटला. "कसला गोंद वापरायचा हा?"

लोखंड्याला शिट्टीची आई आठवत होती.

शिट्टी त्यांच्यातला आधी गेलेला एक जण. दिवसभर शिट्ट्या मारायचा. त्याची खोली ह्यांनी अशी चकाचक आवरली होती की काकी खूश होऊन म्हणाला होता, "साधू राहत होता म्हटलं तरी खपेल." शिट्टीची आई आली. खाटेकडे बघितलं, कपाकडे बघितलं, होडीच्या चित्रापुढे कितीतरी वेळ उभी राहिली. मग सामान न्यायला आलेला माणूस म्हणून दारात उभ्या असलेल्या लोखंड्याला विचारलं, "त्याला कोणीच नव्हतं का हो? इतकी वर्षं? एक माणूससुद्धा नाही?"

खाली जिन्यावर दोस्तांचा सगळा घोळका रडत बसला होता. आणि लोखंड्या काय म्हणाला? "काय माहीत, मावशी. मी टेम्पोवाला."

तिने डोळे पुसले, कपाटातला एक निळा शर्ट काढून त्याच्या हातात दिला. "घ्या. तुमच्या मापाचा होईल." होणारच होता. शर्ट लोखंड्याचाच होता, शिट्टीने मागून नेलेला आणि कधी परत न केलेला. लोखंड्या स्वतःच्याच शर्टाबद्दल 'उपकार झाले' म्हणून जिना उतरला. ती बाई मात्र पोटच्या पोराला जगात कोणी नव्हतं हे मनात घेऊन घरी गेली, आणि ते खोटं ह्यांनी घासूनपुसून बनवलं होतं.

"पलंग धर," काकी म्हणाला.

पलंग अवजड होता. लोखंड्यानेच कुठल्याशा जुन्या घरातून आणलेला, सुटा न होणारा. जिन्यात सामान उतरवायचा एक नियम असतो: वरचा बोलतो, खालचा ऐकतो. वरच्याला वाट दिसते, खालच्याच्या अंगावर वजन असतं. काकीत जोर नव्हता, म्हणून लोखंड्या खाली. तसा तो कायमच खाली असायचा.

"डावीकडे घे… अजून… पाय सांभाळ, कठडा आहे."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पलंग अडकला. आणि नेमकं तिथलंच दार उघडून पिशवी घेतलेली म्हातारी बाहेर आली.

"अरे, हे काय धूड आणलंय मध्येच? माणसानं जायचं कुठून?"

"दोनच मिनिटं, आजी," काकी वरून म्हणाला.

"तुमची दोन मिनिटं! रेशनचं दुकान बंद होईल माझं." मग तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मास्तर गेला म्हणे."

"हो."

"वाईट झालं. माझ्या पेन्शनचे अर्ज तोच टाईप करून द्यायचा. वर चुका माझ्याच काढायचा, आगाऊ." तिने पलंगावरून नजर फिरवली आणि मग खाली, पलंगाच्या पायांखाली घाम ठिबकवत उभ्या असलेल्या लोखंड्यावर आणली. "आणि हा पलंग कुठे चालला?"

"विकायला," काकीने फेकलं.

"विकायला? एक गेला ना? दुसरा तर जिवंत दिसतोय मला." ती लोखंड्याकडे वाकली. "आणि तू कशावर झोपणार रे आता?"

लोखंड्याने पलंगाची कड खांद्याला टेकवली. वजन झालं म्हणून नाही. वजनं त्याने ह्याच्या चौपट पेलली होती. इतकी माणसं गेली, इतकी मढी उचलली, तू कशावर झोपणार हे त्याला कोणी, एकाने, विचारलं नव्हतं. आणि ही चोंबडी म्हातारी, जिच्यापासून ते अकरा वर्षं लपत होते, तिला सगळं माहीत होतं आणि तिला काळजी होती ती फक्त दुकान बंद होण्याची!

"काकी," तो म्हणाला, "वर घे."

"काय?"

"पलंग वर घे. परत."

"डोकं सटकलं का तुझं? ती माणसं येतील आता!"

"येऊ देत."

"कायदा आहे आपला!"

"कायदा गेला खड्ड्यात! वर घे, नाहीतर मी सोडतो हात, आणि मग जा कोसळत त्याच्याबरोबर तळापर्यंत."

काकीचा चेहरा पलंगाच्या वरच्या कडेवरून पांढरा दिसत होता. "आणि मास्तरच्या अब्रूचं काय रे? मेलेल्या माणसाला बापापुढे नागडा करणार तू? त्याला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं. वॉर्डात, मास्तरची बोटं लोखंड्याच्या मनगटावर सवयीने टकटक करत होती तेव्हा. तू गेल्यावर खोलीचं काय करू, असं. मास्तरने एक डोळा उघडला होता. "मला लाजायला वेळ नाही, मी मरण्यात बिझी आहे. तुला लाज वाटत असेल तर झाक." आणि थोड्या वेळाने, श्वास जमवून, "पण ती होडी माझ्या भिंतीवर लावलीस ना, तर भूत होऊन मानगुटीवर बसेन."

लोखंड्याने हे सांगितलं. काकी हसला नाही.

"आणि मी?" तो हळू म्हणाला. "तू आज हे उघडं केलंस, तर उद्या माझी आई येईल तेव्हा? कोण झाकणार माझं?"

"मीच झाकीन. तुझ्या खोलीत तू म्हणशील तसं. खाट म्हण, होडी म्हण, साधू म्हण. पण ही खोली माझीपण आहे, काकी. अर्धी माझी आहे! मी मेलो नाहीये. मग मला का आवरताय तुम्ही?"

"भांडा नंतर," म्हातारी म्हणाली. "वर तर वर, खाली तर खाली, पण हलवा."

काकीने उसासा टाकला. "वर घेते. जोर खालून लाव, मेल्या, माझ्या हातात काय उरलंय?"

पलंग होता तिथे गेला. जमिनीवर त्याच्या पायांचे चार डाग होते, त्यांवर नेमका बसवला. फोटो खिळ्यांवर, उशा शेजारीशेजारी, ब्रश ब्रशाशेजारी. खरवडलेल्या पट्ट्या काही परत येणार नव्हत्या. कपाटावरची तेवढी वाचली होती. आणि हे सगळं लावून होईतो जिन्यात पावलं वाजली.

बाप आधी आला. लहानखुरा, धापा टाकणारा, हातात पिशवी, आणि बोटं लांबसडक, थेट मास्तरची. मागून भाऊ, ऑफिसचा शर्ट, कपाळावर आठ्यांचं जाळं. भावाने दारातूनच खोली बघितली. पलंग. उशा. समुद्रावरचा फोटो. कपाटावरची पट्टी त्याने ओठ न हलवता वाचली.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

टेम्पोवाला. जिभेवर तयार होतं ते. इतक्या वेळा म्हटलेलं, गुळगुळीत झालेलं. काकी भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता.

"मी इथे राहतो," लोखंड्या म्हणाला. "तुमच्या भावाबरोबर."

"भाडेकरू?"

"नाही. संसार होता आमचा. अकरा वर्षं."

भावाने आधी वळून बापाकडे बघितलं, ऐकलं की काय म्हणून. मग एकदम फुटला. "शरम वाटत नाही? बाप उभा आहे इथे!"

"नाही वाटत."

"तुझ्यामुळे लागलं हे त्याला! तूच दिलास हा रोग!"

"मला नाहीये रोग."

"नाही?" भावाने पुढचा प्रश्न दगडासारखा फेकून मारला. "मग तू कसा जिवंत?"

हाच प्रश्न. रोज सकाळी आरशात, जीभ बाहेर काढून. जिन्याखाली, तोंडात पाव कोंबून. शिट्टीच्या वेळी, आणि त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला, आणि ऐकल्यावर लोखंड्याला कळलं की तो किती भिकार प्रश्न आहे.

"माहीत नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण काकीने डोळे उघडले. "मी स्वतःलाच विचारून विचारून थकलो. त्याला लागलं, मला नाही. मी काही वेगळं केलं नाही, काही चांगलं केलं नाही. त्याचा घाम पुसला, त्याचं हगणंमुतणं काढलं, त्याच्या शेजारी झोपलो. तेव्हा तुम्ही कुठे होतात ते मी विचारत नाही. पण मी जिवंत आहे. आणि जिवंत असल्याची माफी मी मागणार नाही. तुमची नाही, आणि त्याचीसुद्धा नाही. हे सामान इथून हलणार नाही, मी हलणार नाही. आणि आज त्याला उचलताना पुढचा खांदा माझा."

"बाबा, चला इथून," भाऊ म्हणाला.

बाप चालला नाही. तो पलंगाच्या कडेवर बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. तिसऱ्या मजल्याने त्याचा दम काढला होता, म्हणून बसला असेल. दोन्ही उशांकडे बघत त्याने विचारलं, "कुठल्या अंगाला झोपायचा?"

"भिंतीकडे."

"हं." बापाची नजर भिंतीवरून सरकत पायथ्याशी आली. तिथे चुन्यावर पावलांचे मळकट ठसे होते, एकावर एक, वर्षांचे. लोखंड्या त्यावरून मास्तरला शिव्या द्यायचा. ते पुसायचं मात्र ह्या घाईत दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"भिंतीला पाय लावल्याशिवाय झोप नाही त्याला," बाप म्हणाला. "त्याच्या आईने किती मारलं असेल त्यावरून." तो त्या ठशांकडे बघत राहिला. मग उठला, लोखंड्याकडे न बघता म्हणाला, "चला. कुठे ठेवलाय त्याला?"

झालं इतकंच. पोटाशी धरलं नाही, की पोरा म्हटलं नाही. भाऊ केव्हाच जिन्यात जाऊन कठड्यावर मुठी आपटत उभा होता.

हॉस्पिटलची गाडी ह्या वॉर्डाचं मढं घ्यायची नाही, ड्रायव्हर हात वर करायचे. म्हणून टेम्पोच न्यायचा होता. खाली येऊन भावाने टेम्पो बघितला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाप पुढे बसला. मागचं फळकं लोखंड्याने पाडलं, आणि खाट आडवी आली. नेहमीसारखी.

"ही काढायला लागेल," लोखंड्या म्हणाला. "त्याला ठेवायला जागा पाहिजे."

तो चढायच्या आत काकीने खाटेचा पाय धरला आणि ओढली. अंगात त्राण नव्हतं तरी ओढली. ती खडखडत रस्त्यावर आली, पुठ्ठा निसटून गटारात गेला. काकीने ती ढकलत नेऊन दिव्याच्या खांबाशी ठेवली आणि धापा टाकत तिलाच धरून उभा राहिला.

"राहू दे इथेच. ज्याला हवी त्याने न्यावी."

"आणि तुझी आई आल्यावर?"

"बघू." काकीने नाक पुसलं. "गंमत सांगू तुला? इतक्या लोकांचे दुसरे कप मी लपवले. माझ्या खोलीत खरोखर एकच आहे. माझ्या वेळी एक दुसरा आणून ठेव."

"कोणाचा म्हणून?"

"कोणाचाही! फुटका चालेल. कोणीतरी यायचं चहाला, एवढं कळलं तिला तरी बास."

"मी येतोच की चहाला, मूर्खा. दर रविवारी. माझाच असेल तो."

काकीने खाट सोडली. मग म्हणाला, "हो की गं," आणि मागे चढला. आधीच मागे जाऊन बसलेल्या भावाच्या शेजारी, मुद्दाम, अगदी खेटून.

लोखंड्याने गाडी सुरू केली. सवयीने मान आरशाकडे वळली. जीभ त्याने तोंडातच ठेवली. आरशात फक्त मागचा रस्ता दिसत होता. बाजारातून परतलेली म्हातारी खांबाशी थांबली होती. तिने खाटेवरून हात फिरवला, पिशवी ठेवली आणि ऐसपैस बसली. खाट एका बाजूला धाडकन कलली.

"अरे ए!" ती टेम्पोच्या मागे ओरडली. "एक पाय आखूड आहे रे हिचा!"

बाप दचकून वळला. लोखंड्याच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडलं, हसू की हुंदका, त्यालाच कळलं नाही. त्याने हॉर्नवर तळवा ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत उचलला नाही.